दारं धरताना

परवा जेवणं उरकून नुकती टेकले होते, तेवढ्यात तुझा निरोप आला. ‘ताई, विद्यापीठाच्या पत्रकातला फक्त कापसाचा भाग काढून गावच्या ग्रुपवर टाकायचाय. दर खेपेला हाताने कापते आणि काहीतरी सुटतंच. स्क्रिप्टने होईल का?’ मी ‘होईल’ एवढंच लिहून फोन ठेवला, कारण हे दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतं. आज जरा सवड आहे म्हणून सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

आधी सांगते, छकुले, हे काम तू अंगावर घेतलंस ते मला फार आवडलं. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून उभं राहिलं, २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथल्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचं पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं. वर हवामानाचा अंदाज, मग पीक व्यवस्थापन, त्याखाली फळबाग, भाजीपाला, फुलशेती, तुती-रेशीम, पशुधन. अख्ख्या मराठवाड्याला पुरेल असं ते लिहिलेलं असतं. मानवतच्या कापूसवाल्याला त्यातल्या सहा ओळी हव्या असतात आणि त्या सापडेपर्यंत त्याचं बोट थकतं. बांधावर, उन्हात, फुटक्या काचेच्या फोनवर कोण एवढं खाली जाणार? त्यामुळे ज्याचं त्याला काढून देणं ही खरी सेवा आहे. पण ही सेवा चुकली तर निव्वळ एखादा निरोप चुकत नाही, फवारणी चुकते. म्हणून एवढं लांबण लावतेय.

आता मूळ गोष्ट. तुला आठवतं, उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायला बाबा पहाटे जायचे आणि आपण मागे लागायचो? दांडातून पाणी येतच असायचं, ते कुणासाठी थांबत नसे. बाबा फक्त एका वाफ्याचं दारं उघडायचे, वाफा भरला की खोऱ्याने माती ओढून ते बुजवायचे आणि पुढचं उघडायचे. पाणी तेच, दांड तोच. कुठल्या वाफ्यात काय जाणार ते दारं ठरवायचं. टेक्स्ट फाइलमधून एखादा भाग काढणं म्हणजे अगदी हेच. फाइलच्या ओळी एकामागून एक येत राहतात. सुरुवातीची खूण दिसली की दारं उघडायचं, शेवटची खूण दिसली की बुजवायचं, आणि दारं उघडं असेपर्यंत जी ओळ येईल ती खाली सोडायची. एवढं डोक्यात बसलं की भाषा कुठलीही घे, सेड घे, ऑक घे, पायथन घे, विचार बदलत नाही.

सेडच्या नावातच प्रवाह आहे, ‘स्ट्रीम एडिटर’चं ते छोटं रूप. ली मॅकमेहन यांनी ते १९७३-७४च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये लिहिलं. ऑक तिथलाच, १९७७चा. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून त्याचं नाव झालं. पन्नास वर्षांच्या आसपासची ही दोन अवजारं तुझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये आजही असतात, सुरुवातीला वेगळं काही आणावं लागत नाही. मी नवशिक्यांना नेहमी यांच्यापासूनच सुरू करायला सांगते.

सेडची आज्ञा फोनवर सांगितल्यासारखी सांगते, म्हणजे टंकताना हात चुकला तरी अर्थ ध्यानात राहील. सेड, मग उणे चिन्ह आणि एन. हा एन म्हणजे ‘मी सांगितल्याशिवाय काही छापू नकोस’. मग अवतरणात दोन तिरक्या रेघांमध्ये पहिली खूण, स्वल्पविराम, पुन्हा दोन तिरक्या रेघांमध्ये दुसरी खूण, आणि शेवटी पी, म्हणजे छाप. त्यापुढे फाइलचं नाव. झालं. ‘पीक व्यवस्थापन’पासून ‘फळबागेचे व्यवस्थापन’पर्यंतचं सगळं पडद्यावर येईल.

पण आलेलं नीट बघ. दोन्ही खुणांच्या ओळीही त्यात आलेल्या असतील. वर ‘पीक व्यवस्थापन’ शोभतं, खाली मात्र ‘फळबागेचे व्यवस्थापन’ हे शीर्षक एकटंच लोंबकळत राहतं. ते ग्रुपवर गेलं तर लोक विचारतात, पुढचं कुठंय? म्हणून दुसऱ्या खुणेची ओळ घ्यायची की गाळायची, हे आधी ठरवायचं. त्यासाठी मला ऑक जास्त सोयीचा वाटतो, कारण त्यात दारं तुझ्या हातात असतं. एक चल ठेव, त्याला ‘दारं’च म्हण. सुरुवातीला शून्य. पहिली खूण दिसली की एक. दुसरी दिसली की पुन्हा शून्य. आणि चल एक असेल तरच ओळ छाप. आता या तीन वाक्यांचा क्रम हलवून बघ. बंद करणं छापण्याच्या आधी ठेवलंस तर शेवटची खूण गळते, नंतर ठेवलंस तर येते. उघडणं छापण्याच्या नंतर ठेवलंस तर पहिली खूणही गळते. नवीन काही शिकायचं नाही, फक्त ओळी वरखाली करायच्या. कागदावर काढून बघ एकदा, मनात पक्कं बसतं.

इथे एक खाचखळगा आहे, त्यात भलेभले अडखळतात. समज, तुझ्या फाइलमध्ये सगळी शीर्षकं दोन जाळीच्या चिन्हांनी सुरू होतात. तू म्हणालीस, कापसाच्या शीर्षकापासून पुढच्या कुठल्याही शीर्षकापर्यंत दे. म्हणजे दुसरी खूण झाली ‘जाळीने सुरू होणारी कोणतीही ओळ’. पण कापसाचं शीर्षकसुद्धा जाळीनेच सुरू होतं ना? सेड दुसरी खूण शोधायला पुढच्या ओळीपासून लागतो, त्यामुळे त्याच्याकडे काम बरोबर होतं. ऑकमध्ये स्वल्पविराम देऊन हीच जोडी लिहिलीस तर तो त्याच ओळीवर दुसरी खूणही तपासतो, ती जुळते, आणि दारं उघडता उघडताच बुजतं. हाती लागतं फक्त शीर्षक. दोन्हीकडे आज्ञा दिसायला सारखी, उत्तर वेगळं. म्हणून स्वल्पविरामाची जोडी सोड आणि प्रत्येक शीर्षकाला एकच प्रश्न विचारायची सवय लाव, ‘तू माझं आहेस का?’ हो असेल तर दारं उघडं, नसेल तर बंद. कुठलंही शीर्षक येवो, प्रश्न तोच.

आता जे सांगणार आहे ते मी सहसा कुणाला सांगत नाही.

पहिल्या वर्षी मी अशीच एक स्क्रिप्ट लिहिली होती आणि फार खूश होते. पत्रकाचा मजकूर मीच टंकून घ्यायचे, मीच शीर्षकं लिहायचे, स्क्रिप्ट कापसाचं वेगळं करून द्यायची. एका खेपेला कापसाच्या पुढच्या शीर्षकात माझ्याच हातून वेलांटी चुकली. ऱ्हस्वची दीर्घ झाली, एवढंच. स्क्रिप्टला शेवटची खूण दिसलीच नाही. दारं उघडं राहिलं आणि खालचं सगळं, तूर, मोसंबी, भाजीपाला, जनावरं, कापसाच्या नावाखाली वाहत गेलं. स्क्रिप्ट काही बोलली नाही. तिच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. तिला ‘शेवटची खूण दिसेपर्यंत दे’ म्हटलं होतं, ती दिसली नाही, म्हणून तिने फाइल संपेपर्यंत दिलं. सेडही असाच वागतो, ऑकही. मी घाईत वरच्या चार ओळी वाचल्या आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका काकांचा फोन आला. पंप पाठीवर घेऊन निघाले होते. ‘बाई, हे औषध कापसाला चालतंय ना? दुकानदार म्हणतोय हे फळबागेचं आहे.’ त्यांनी विचारलं म्हणून टळलं. ग्रुपवर दीडशे माणसं होती, त्यातल्या किती जणांनी न विचारता मारलं असतं, याचा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी मी ग्रुपवर माफी मागितली, निरोप मागे घेतला, आणि संध्याकाळी बसून स्क्रिप्ट नव्याने लिहिली.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे. सुरुवातीची खूण सगळेच तपासतात, कारण ती चुकली तर हाती काहीच येत नाही आणि लगेच कळतं. शेवटची खूण कुणी तपासत नाही, कारण ती चुकली तरी काहीतरी येतंच, उलट जास्तच येतं, आणि जास्त आलेलं माणसाला बरोबर वाटतं. म्हणून स्क्रिप्ट लिहिताना अर्ध्याहून जास्त लक्ष शेवटच्या खुणेकडे दे. आणि ती सापडली नाही तर स्क्रिप्टला गप्प बसू देऊ नकोस.

हे कसं करायचं तेही सांगते. दारं उघडल्यावर ओळ लगेच छापायची नाही. झोळीत टाकायची, म्हणजे एका चलात साठवत जायची. शेवटची खूण दिसली की मगच झोळी बाहेर रिकामी करायची. फाइल संपली आणि दारं अजून उघडंच असेल तर झोळी टाकून द्यायची, ‘कापसाच्या भागाची अखेर सापडली नाही’ असं स्पष्ट मराठीत छापायचं आणि अपयशाचा कोड देऊन थांबायचं. ऑकमध्ये फाइल संपल्यावर चालणारा ‘एन्ड’ नावाचा कप्पा असतो, हे काम तिथे. अर्धवट चुकीचं जाण्यापेक्षा काहीच न गेलेलं बरं. गावात लोक म्हणतील, आज ताईचा निरोप आला नाही. म्हणू देत.

आणखी एक मोजणी त्यातच घाल. सुरुवातीची खूण फाइलमध्ये किती वेळा आली? एकदाच यायला हवी. एकदाही आली नाही तर थांब, दोनदा आली तर थांब. दोनदा येणं जास्त फसवं असतं. हवामानाच्या परिच्छेदातच ‘कापूस वेचणी लवकर करून घ्यावी’ असं वाक्य आलं आणि तुझी खूण नुसती ‘कापूस’ एवढीच असली, तर दारं तिथेच उघडणार. म्हणून खूण ओळीच्या आरंभाला बांधायची, त्यासाठी टोपीचं चिन्ह असतं, आणि ओळीच्या शेवटालाही बांधायची, त्यासाठी डॉलरचं. मग त्या ओळीत दुसरं काही नसेल तरच ती जुळते.

याला आपल्याकडचा फार जुना दाखला आहे. गंगाखेडच्या जनाबाईचं उदाहरण घे. अभंग कुठे संपला आणि तो कुणाचा, हे आपण कशावरून ओळखतो? शेवटच्या चरणातल्या नाममुद्रेवरून. ‘जनी’ आलं की जनाबाईचा अभंग पुरा झाला. हस्तलिखितांत ओळी सलग लिहिलेल्या असायच्या, तिथे ही मुद्राच शेवटची खूण होती, आणि खुणेतच मालकी लिहिलेली होती. किती शहाणी सोय! पण याच सोयीत घोळही झाला. संत नामदेवांची मुद्रा ‘नामा’, आणि त्यांच्यानंतर होऊन गेलेल्या दुसऱ्या एका कवीची ‘विष्णुदास नामा’. नुसतं ‘नामा’ बघून गोळा करणाऱ्यांच्या गाथ्यांत एकाच्या रचना दुसऱ्याच्या नावावर गेल्या, आणि त्या वेगळ्या करण्यात अभ्यासकांना फार कष्ट पडले. अर्धवट जुळणारी खूण काय करते, ते यातून बघ. तुझी न बांधलेली ‘कापूस’ ही खूण ‘कापूस साठवण’लाही जुळते, ‘उन्हाळी कापूस’लाही जुळते.

पोथ्या लिहिणारे यापेक्षा काटेकोर होते. अध्यायाच्या आरंभी गणेशाला नमन, अखेरीला ‘इति’ म्हणून ग्रंथाचं नाव आणि अध्यायाचा आकडा. सुरुवात वेगळी, शेवट वेगळा, आणि शेवटात कोणता अध्याय संपला तेही सांगितलेलं. पान सुटून खाली पडलं तरी ते कुठलं, हे कळायचं. आजची संगणकाची प्रमाणपत्रं उघडून बघ, ज्यांच्यामुळे बँकेच्या पानावर कुलूप दिसतं ती. त्यातही पाच आडव्या रेघा, मग ‘बिगिन सर्टिफिकेट’, शेवटी पाच आडव्या रेघा आणि ‘एन्ड सर्टिफिकेट’. दोन्ही खुणा वेगळ्या, दोन्हींत नाव, आणि अशा रेघा ओढून कुणी सहज बोलण्यात काही लिहीत नाही. तू स्वतः फाइल तयार करत असशील तर हीच रीत धर. दोन ॲट चिन्हं, ‘कापूस आरंभ’. दोन ॲट चिन्हं, ‘कापूस अखेर’. दुसऱ्याच्या मजकुरातली शीर्षकं ही खुणा नसतात, ती वाचणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. लिहिणारा उद्या ‘फळबागेचे’ऐवजी ‘फळबागांचे’ लिहील, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मायकल हार्ट यांनी १९७१मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या पुस्तकांत तर मुद्दाम खुणा घातलेल्या असतात, पुस्तक इथे सुरू, इथे संपलं अशा. त्यांचेही शब्द सगळ्या फाइलींत एकसारखे नाहीत, कुठे इंग्रजी ‘दिस’ आहे तर कुठे ‘द’. मग आपल्या पत्रकाकडून काय अपेक्षा करायची?

आता सगळ्यात कटकटीच्या भागाकडे येते. मराठी मजकुरात खूण डोळ्यांना दिसते, पण संगणकाला दिसत नाही, असं फार वेळा होतं. यावर मी रात्री घालवल्यात, तू घालवू नयेस म्हणून सांगते.

‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द घे. यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, पायाखाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरून. दोन, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे. तुझ्या स्क्रिप्टमध्ये पहिला आणि फाइलमध्ये दुसरा असला की जुळणार नाही, आणि तू तासभर पडद्याकडे बघत बसशील. तेच ‘व्यवस्थापन’चं. काही टंकनसाधनं जोडाक्षरातल्या हलन्तापुढे ते अदृश्य चिन्ह आपणहून घालतात. या शब्दात हलन्त दोन, म्हणजे दोन लपलेले पाहुणे. मोजून बघायचं. व, हलन्त, य, व, स, हलन्त, थ, काना, प, न, अशी दहा चिन्हं व्हायला हवीत. बारा आली तर पाहुणे आत आहेत. खूण शोधण्याआधी ती अदृश्य चिन्हं सगळ्या फाइलमधून काढून टाकायची आणि ऱ्या एकाच तऱ्हेचा करून घ्यायचा. दुसऱ्या तऱ्हेचा ऱ्या आधी बदलायचा बरं, अदृश्य चिन्हं नंतर काढायची. क्रम उलटा केलास तर र आणि य यांचा रफार होईल, ‘शेतकर्यांसाठी’ असं काहीतरी उरेल, आणि मग ते दुरुस्त करायला खूण राहणार नाही. आणि हे सगळं फक्त शोधण्यापुरत्या प्रतीवर करायचं, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

ही मोजणी करताना एक ध्यानात ठेव. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. काही ऑक चिन्हं मोजत नाहीत, बाइट मोजतात. उबुंटूमध्ये आधीपासून असतो त्या एमऑकने मला ‘व्यवस्थापन’ची लांबी तीस सांगितली होती आणि मी गोंधळून गेले होते. मराठीसाठी गॉक हा ऑकचा दुसरा प्रकार बसवून घे. तो चिन्हं मोजतो. मूळ ऑकलाही युनिकोड समजायला लागलं ते फार उशिरा, २०२२मध्ये, आणि ते काम ब्रायन कर्निहन यांनी स्वतः केलं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. तरुणपणी केलेल्या अवजारात इतक्या वर्षांनी इतरांच्या लिपींसाठी जागा करायला बसलेला हा माणूस मला फार मोठा वाटतो.

विसर्गाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी आहे. ‘कापूस :’ असं लिहिताना कितीतरी जण अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टंकतात. दिसतात दोन टिंबंच. तसंच दंड आणि उभी रेघ. त्यामुळे खुणेत विरामचिन्ह धरूच नकोस, शब्दांनंतर मोकळी जागा, विसर्ग किंवा अपूर्णविराम काहीही चालेल असं लिही. फाइल विंडोजवरून आली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्तीचं असतं, त्यामुळे डॉलरने बांधलेली खूण जुळत नाही. काही फाइलींच्या अगदी आरंभी आणखी एक अदृश्य चिन्ह असतं, बीओएम म्हणतात त्याला. त्यामुळे पहिल्याच ओळीतलं शीर्षक टोपीच्या चिन्हाला सापडत नाही. दोन्ही आधीच काढून टाक.

आणि एखादी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा कचरा दिसला, तर तो कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर समज. त्यात मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरे लावलेले असतात. ‘कापूस’ कितीही शोध, तिथे तो नाहीच. आधी युनिकोडमध्ये बदलून घे, आणि बदललेलं एकदा डोळ्यांखालून घाल, विशेषतः आकडे, दशांश चिन्ह आणि मात्रा. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरालाही हेच लागू. तिथे वेलांटी आपल्या अक्षराच्या मागेपुढे सरकलेली असते.

पायथनकडे वळशील तेव्हा एवढंच सांभाळ. संपूर्ण फाइल एकदम वाचून, ‘आरंभापासून अखेरपर्यंत’ असा एकच नमुना लावायचा मोह होतो. ‘डॉटऑल’ देऊन, म्हणजे बिंदूला ओळ ओलांडू देऊन, नुसतं ‘बिंदू तारा’ लिहिलंस तर तो हावरट असतो, पहिल्या आरंभापासून शेवटच्या अखेरपर्यंत सगळं गिळतो, मधले चार भाग त्यातच. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह दिलंस की तो पहिल्या अखेरीशी थांबतो. तरीही मी म्हणेन, ओळीओळीने वाच आणि दारं धर. चुकलं तर कुठे चुकलं ते ओळीच्या क्रमांकासह सांगता येतं.

शेवटचं एक राहिलं, आणि खरं तर त्यासाठीच मी लिहायला बसले. समज, स्क्रिप्ट अगदी बिनचूक झाली. कापसाचा भाग कापसाच्या आरंभापासून अखेरपर्यंत तंतोतंत आला. तरी तो पुरा असतो का गं?

पत्रक वरून खाली वाचणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. फवारणी कोणती, हे कापसाखाली येतं. पुढचे दिवस पावसाची शक्यता आहे, वारा आहे, विजा आहेत, हे वर हवामानात येतं. खाली ‘फवारणी करावी’ एवढंच असलं, तरी वरचं वाचलेला माणूस उघडीप बघूनच करतो. तू वरचं कापून टाकलंस तर त्याच्या हातात फक्त ‘फवारणी करावी’ उरतं. तीच गत तारखेची. तारीख सगळ्यात वर असते, एकदाच. तो अंदाज पुढच्या पाच दिवसांचा असतो. बिनतारखेचा निरोप मात्र ग्रुपाग्रुपांतून तीन आठवडे फिरतो, आणि बोंडअळीचा सल्ला भलत्याच दिवशी कुणाच्यातरी हाती लागतो. आणि हे कुणी सांगितलं, याची ओळ पत्रकाच्या अगदी तळाशी असते, तीही कापली जाते. मग तो विद्यापीठाचा सल्ला राहत नाही, तुझा होतो.

तेव्हा स्क्रिप्टला एक भाग काढायला सांगू नकोस, चार काढायला सांग. तारीख, हवामानाचा इशारा, कापूस, आणि पत्रक कुणाचं ती ओळ. चारही सापडले तर एकत्र लाव आणि बाहेर दे. चारांतला एकही सापडला नाही तर काही देऊ नकोस. औषधाचं प्रमाण सांगणारी ओळ कापसाच्या भागात आहे का आणि ती पूर्ण आहे का, हे मात्र तूच वाच. एक दशांश चिन्ह गळलं तर स्क्रिप्टला कळणार नाही. तुला कळेल, कारण तू शेतात वाढलीस.

आता असं कर. शुक्रवारच्या पत्रकाच्या तीन प्रती काढ. एकीतली कापसाच्या अखेरीची खूण पुसून टाक, दुसरीत कापसाचं शीर्षक दोनदा घाल, तिसरीतली तारीख काढ. तिन्हींवर स्क्रिप्ट चालव. तिन्ही वेळा ती काही न देता थांबली आणि का थांबली ते बोलली, तर मला फोन कर, मग चौथ्या, खऱ्या प्रतीवर आपण दोघी मिळून चालवू. तोवर ग्रुपवर हातानेच कापून टाक, आणि वर तारीख लिहायला विसरू नकोस.